कान चेहऱ्यातच येतो

त्या माहितीपटात माझ्या आईचे हात आहेत. मनगटापासून पुढे, दोन पाटल्यांसकट. संत्र्याची फोड सोलताना, बी काढताना, बरणीच्या तोंडाला फडकं बांधताना. आवाजही आहे. चेहरा नाही. चेहरा येऊ नये अशी व्यवस्था मी केली होती, आणि आईला ते सांगितलं नव्हतं. पुढे जे लिहितो आहे ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरणार, हे आधीच सांगून टाकतो. लपवाछपवीचा मला आता कंटाळा आला आहे.

आम्ही सौंसरचे, नागपूरच्या वर, मध्य प्रदेशात. घर सौंसरात, संत्र्याचा बगीचा रामाकोन्याच्या रस्त्याला. मी सरकारी शाळेत मास्तर. तीस वर्षं मुलांना गणित शिकवतो आहे आणि तितकीच वर्षं त्यांच्यावर ओरडतो आहे. राग माझ्या नाकावर असतो असं घरचे म्हणतात, आणि ते खरं आहे. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. घरात आई, बायको आणि मी. मुलगी त्या माहितीपटाच्या वेळी नागपूरला नोकरीला होती, शनिवारी यायची, कपडे धुवायला टाकायची आणि रविवारी जायची.

आईची बरणी आमच्या घरात कशी आली तेही सांगायला पाहिजे. मी सातवीत असताना मागच्या दोन खोल्यांत केरळच्या एक नर्सबाई भाड्यानं राहायच्या. सगळा मोहल्ला त्यांना सिस्टर म्हणायचा. नाताळ जवळ आला की त्या द्राक्षांत साखर, मूठभर गहू, लवंग, दालचिनी घालून चिनी मातीच्या बरणीत मुरत ठेवायच्या आणि एकवीस दिवसांनी गाळायच्या. सिस्टरना मराठी येत नव्हतं, आईला मल्याळम येत नव्हतं, आणि हिंदी दोघींचं सारखंच वाईट. तरी आई सगळं शिकली. सिस्टरची बदली झाली तेव्हा जाताना त्या बरणी आईला देऊन गेल्या. पिवळ्या रंगाची, झाकणाजवळ एक टवका उडालेली. आजही तीच आहे.

आमच्याकडे द्राक्षं कुठली? आमच्याकडे संत्री. दसऱ्यानंतर झाडाखाली गळ पडायची. ती व्यापारी घेत नाही, आणि दोन दिवसांनी गुरंही तोंड लावत नाहीत. आई त्यातली चांगली फळं ओच्यात भरून आणायची. पहिल्या वर्षी तिनं रस काढून बरणी लावली. वडिलांनी एक घोट घेतला, अंगणात जाऊन थुंकले आणि म्हणाले, "बाप्पा, हा तं कडूनिंबाचा काढा झाला." दुसऱ्या वर्षी तेच. आमचं संत्रं खायला गोड, पण रस काढून ठेवा, थोड्या वेळात कडवट व्हायला लागतो. हा कडूपणा बियांत आणि फोडीवरच्या पांढऱ्या पापुद्र्यात असतो, हे आईनं कुठल्या पुस्तकात वाचलं नाही. चौथीपर्यंत शिकलेली बाई. तिसऱ्या वर्षी तिनं एकेक फोड उघडून, पापुद्रा काढून, एकही बी न चिरडता, नुसता गर बरणीत टाकला. ती बरणी जमली.

त्यासाठी ती उजव्या अंगठ्याचं नख वाढवायची. दसऱ्याला वाढवायला सुरुवात, शेवटच्या बरणीचं तोंड बांधलं की कापून टाकायचं. चाकू नाही, सुरी नाही. चाकू लागला की बी कापली जाते, आणि एक कापलेली बी अख्खी बरणी नासवते, असं ती म्हणायची. माझ्या लहानपणी मला वाटायचं की सगळ्याच आयांचं एक नख हिवाळ्यात मोठं होतं.

आणि कान. बरणी लावली की रोज सकाळी आंघोळ झाल्यावर आई बरणीला कान लावायची. डोळे मिटून, पदर मागे सारून. आत फसफस चालू असते, ती ऐकायची. "बोलून राहिली," म्हणायची. कधी म्हणायची, "आज कुरकुर करून राहिली, साखर मागते." आणि मूठभर साखर टाकायची. एकवीस दिवस, चाळीस दिवस असलं काही तिनं पुढे पाळलं नाही. बरणी बोलायची थांबली की गाळायची. त्या दिवशी दुपारी मोहल्ल्यातल्या बायका आपापली वाटी घेऊन येत. प्रत्येकीला दोन-दोन चमचे. पुरुषांना काही नाही. "तुमच्यासाठी बाहेर बहुत दुकानं हाय," असं आई वडिलांना ऐकवायची. बायका भिंतीला टेकून बसत, थोड्या वेळानं उगाच हसायला लागत, आणि दिवेलागणीच्या आत घरी जात. याला आमच्याकडे कोणी दारू म्हणत नव्हतं. सिस्टरचं औषध म्हणत. खोकल्याला बरं, असंही म्हणत. आईनं आयुष्यात एका चमच्यावर दुसरा चमचा घेतला नाही.

दोन वर्षांपूर्वी पुण्याहून एक बाई आल्या. पस्तिशीच्या असतील. सोबत कॅमेरा सांभाळणारा एक अबोल माणूस. आपल्या भागातली वाइन आणि ती करणारी माणसं, यावर त्या माहितीपट करत होत्या. पांढुर्ण्याच्या बाजूला परवाना काढून संत्र्याची वाइन करणारे एक गृहस्थ, डोंगराकडच्या एका गावातली मोहाची दारू गाळणारी म्हातारी, असे लोक त्यांनी आधीच गाठले होते. आमचा पत्ता त्यांना कोणी दिला ते मला आजतागायत कळलं नाही. वाटीवाल्या बायकांपैकीच कोणीतरी.

आई ओसरीत बसून सगळं ऐकत होती. मग तिनं एकच विचारलं.

"म्हंजे माहा चेहरा टीव्हीत येईन?"

"टीव्हीत नाही आजी, मोठ्या पडद्यावर येईल," त्या म्हणाल्या.

आई लाजली. मी आईला लाजताना पहिल्यांदा पाहिलं. फोटोत ती कधी नसतेच. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये ती दोनदा आहे, एकदा पाठमोरी आणि एकदा कोणाच्या तरी खांद्यामागे अर्धी. फोटोवाला आला की ती नेमकी स्वयंपाकघरात असायची. तिला कोणी हाक मारली नाही म्हणून, तिला आवडत नव्हतं म्हणून नाही. हे मला त्या दिवशी कळलं, कारण त्या बाई गेल्या तशी आईनं लोधीखेड्याच्या मावशीला फोन लावला आणि सगळ्या मोहल्ल्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "माह्यावर सिनेमा काढून राहिले वं."

मला मात्र घाम फुटला. त्याच महिन्यात मुलीचा रिश्ता ठरत आला होता. अमरावतीकडचे लोक. मुलाचे वडील निवृत्त मुख्याध्यापक, गावोगाव व्यसनमुक्तीवर भाषणं देणारे. बैठकीत त्यांनी मला सुपारी खातो का तेही विचारलं होतं. आणि इथे माझी आई मोठ्या पडद्यावर वाइन करताना दिसणार! घरात चाळीस वर्षं औषध होतं ते. वाइन म्हटल्याबरोबर मला त्याची लाज वाटायला लागली.

शूटिंगच्या दिवशी सकाळी मी त्या बाईंना बाहेरच्या ओट्यावर गाठलं. म्हटलं, "आईचा चेहरा दाखवू नका."

"का हो सर?"

"मी सरकारी माणूस आहे. घरी असं काही करायला परवाना लागतो. उद्या आबकारीवाले दारात आले तर?"

आबकारीची भीती खोटी नव्हती. पण मी आबकारीसाठी बोलत नव्हतो. मुख्याध्यापकांसाठी बोलत होतो. बाईंनी थोडा विचार केला, म्हणाल्या, "नाव, गाव काही देणार नाही आम्ही. तरी नको?"

"तरी नको. हात दाखवा. काम हातानंच होतं ना?"

"आजींना चालेल का?"

"मी सांगतो तिला."

मी सांगितलं नाही. आत गेलो तर आई नवी साडी नेसून आरशासमोर बसली होती. मुलीनं दिवाळीला आणलेली, पिस्त्याच्या रंगाची. केसांना तेल, चेहऱ्याला पावडर, मानेवर पावडरीचा पांढरा पट्टा राहिलेला. तिनं मला विचारलं, "चष्मा ठेवू का काढू?" मी म्हटलं, "तुला बरं दिसते तसं." तिनं काढून ठेवला. मग बिया दिसेनात म्हणून परत लावला.

कॅमेरेवाल्यानं कॅमेरा खाली, परातीच्या उंचीला लावला. आई बसली, दोन फोडी सोलल्या आणि थांबली.

"हे इतकं खाली काहून लावलं? माहं तोंड तं वर हाय."

त्या माणसानं माझ्याकडे पाहिलं. बाईंनीही पाहिलं. मी म्हटलं, "आई, त्यात सगळं येते. तू आपलं काम कर."

तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. पण तिच्या मनात शंका राहिली असावी, कारण ती बोलताना हळूहळू मान खाली घालायला लागली. कॅमेऱ्यासमोर यावं म्हणून. ती वाकली की तो माणूस कॅमेरा आणखी खाली करी. ती पुन्हा वाकायची. सत्तर ओलांडलेली बाई, कंबरेत दुखतं तिच्या, आणि ती हसतमुखानं परातीवर वाकत होती. मी दाराला टेकून हे पाहत उभा होतो. तेव्हा सांगता आलं असतं. दोन शब्दांचं काम होतं.

शेवटी बरणीपाशी आले. आधीच्या आठवड्यात लावलेली दुसरी, साधी बरणी कोपऱ्यात बोलत होती. आईनं सवयीनं पदर मागे घेतला, डोळे मिटले आणि कान लावला. बाई मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "सर, एवढं एक घेऊ द्या. बाजूनं. फक्त बरणी आणि कान. बाकी चेहरा अंधारात ठेवते. या सगळ्या फिल्ममध्ये असं करणारं दुसरं कोणी नाही."

मी म्हटलं, "कान चेहऱ्यातच येतो."

वर्गात फळ्यावर व्याख्या सांगावी तसं म्हटलं मी ते. वर पुन्हा, "कानातल्या फुलावरून कोणीही ओळखेल," असंही जोडलं. बाईंनी कॅमेरेवाल्याला हातानं थांबवलं. आई डोळे मिटून तशीच बसली होती, त्यांचं घेऊन झालं की ते सांगतील म्हणून. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले आणि विचारलं, "आला का माहा फोटो?"

"आला," मी म्हटलं.

बायकोनं हे स्वयंपाकघराच्या दारातून ऐकलं होतं. ते लोक गेल्यावर ती मला म्हणाली, "तुमी आईले सांगून टाका. अन् तुमच्यानं होत नसन तं मी सांगते." मी तिच्यावर ओरडलो. आई शेजारी गेली होती म्हणून ओरडलो, नाहीतर कुजबुजलो असतो. त्या दिवसापासून आईनं सिनेमाचा विषय काढला की बायको उठून दुसऱ्या खोलीत जायची.

आणि आई तर रोजच विषय काढायची. मंदिरात, भाजीवाल्यापाशी, दवाखान्याच्या रांगेत. "फिल्मवाल्यायचा फोन आला का?" हा मी शाळेतून आल्यावर पहिला प्रश्न. मोहल्ल्यातल्या बायका चिडवायच्या, "आता आजी आपल्याले ओळख देत नाई." आई म्हणायची, "वाटी आणान तं देईन." सगळ्यांना मजा येत होती. मीही हसायचो. आज सांगू, उद्या सांगू करत उन्हाळा गेला, पोळा गेला. मध्ये मुलीचा साखरपुडा झाला, तो कार्यक्रम नीट पार पडला, आणि मला वाटलं, माझं बरोबरच होतं.

पुढच्या हिवाळ्यात फोन आला. पांढुर्ण्याच्या एका मंगल कार्यालयात रविवारी दुपारी फिल्म दाखवणार होते. ज्यांच्यावर केली त्यांना आधी दाखवायची, असं त्या बाईंचं म्हणणं. आईनं मावशीला लोधीखेड्याहून बोलावून घेतलं. शेजारच्या पाच बायका. एक गाडी ठरवली. आईनं तीच पिस्त्याच्या रंगाची साडी नेसली. "त्यात जे दिसन तेच अंगावर असू दे," म्हणाली, "म्हंजे लोकायले ओळखू येईन."

तिगावजवळ गाडी थांबवून आम्ही चहा घेतला. मी आईचा कप घेऊन तिच्या खिडकीशी गेलो. मनात वाक्य जुळवलं होतं. आई, तुझे हातच घेतलेत फक्त. बस, इतकंच. तिनं कप घेतला आणि म्हणाली, "तू आज इतका गप काहून? तुले का डर लागून राहिला? सिनेमा माहा हाय, तुहा नाई." मावशी हसली, सगळ्याच हसल्या. मी कप परत नेऊन दिला.

कार्यालयाच्या खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला होता. आई पहिल्या रांगेत, मावशी तिच्या शेजारी. मी मागच्या रांगेत, आईच्या बरोबर मागे बसलो. सुरुवातीला परवानावाले गृहस्थ आले. स्टीलच्या टाक्या, काचेची नळी, मीटर. त्यांचा चेहरा पडदाभर. मग डोंगराकडची ती मोहवाली म्हातारी आली. तोंडात दात नाहीत, आणि अशी खदाखदा हसली की सगळं कार्यालय हसलं. आईही हसली. मावशीला म्हणाली, "किती साजरी दिसून राहिली पाह्य."

मग आमची परात आली. पिवळी बरणी आली. आईचे हात आले.

हात चांगलेच आले होते, ते मला नाकारता येत नाही. नख फोडीच्या कडेनं फिरत होतं, पापुद्रा अलगद सुटत होता, बी बोटावर येऊन बसत होती. मागच्या बायकांत कुजबुज झाली, "आजी होय, आजी." आईचा आवाज सांगत होता की एक बी चिरडली तर बरणी गेली. आई खुर्चीत पुढे सरकून बसली. तिचा चेहरा आता येईल, आता येईल, म्हणून. हात गेले, बरणी आली. बरणीवर फडकं बांधणारे हात आले. पिस्त्याच्या रंगाच्या पदराचं टोक आलं. आईनं आपल्या अंगावरचा पदर उगाच सारखा केला. मग पडद्यावर नुसती बरणी, आणि ती बोलायचा आवाज.

आणि खाली अक्षरं आली.

आई पेपर वाचते तो बोट ठेवून, मोठ्यानं, अक्षर लावत. तिला मनात वाचता येत नाही. तिथे बोट ठेवायला काही नव्हतं, तरी तिनं हात उचललेला मला मागून दिसला. ती वाचायला लागली.

"कु... टुं... बा... च्या. कुटुंबाच्या. वि-नं-ती... विनंतीवरून. या आजींचा चे... ह... रा."

तोवर अक्षरं गेली. पण पुढचं तिला वाचायची गरज पडली नाही. तिनं मावशीकडे वळून साध्या आवाजात विचारलं, जसं काही एखाद्या शब्दाचा अर्थ विचारते आहे.

"कुटुंब म्हंजे आपलंच ना वं?"

मावशीनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. आईनं नाही पाहिलं. उरलेली फिल्म ती समोर पाहत बसली. संपल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा तिनंही वाजवल्या. पुण्याच्या बाईंनी येऊन तिचे हात हातात घेतले, त्यांचे डोळे भरले होते. आई त्यांना म्हणाली, "साजरी केली पोरी."

परतताना गाडीत कोणी चिडवलं नाही. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो होतो. मला वाटत होतं, आता बोलेल, आता रागावेल. मी तिचाच मुलगा, माझा राग तिच्याकडूनच आला आहे. वडिलांना ती चारचौघांत सुनावायची. सौंसर आलं, मावशीला तिच्या बसला बसवून दिलं, बायका आपापल्या घरी गेल्या. आई दारात चपला काढता काढता म्हणाली, "सांगितलं असतं तं मी नवी साडी नसती नेसली."

मी म्हटलं, "आई, आबकारीचं..."

"व्हय," ती म्हणाली. "बरोबर हाय तुहं. पोरीचं लगन हाय."

खरं कारण लग्न होतं, हे मी तिच्याकडे कधी बोललोही नव्हतो. तिला कुठून कळलं, कधीपासून कळत होतं, मला माहीत नाही. बायकोनं शपथेवर सांगितलं की तिनं काही सांगितलं नाही. मला बायकोवर विश्वास आहे. आई मला ओळखते, इतकंच असेल.

लग्न झालं. फिल्म तोवर मोबाइलवर सगळीकडे पोचली होती. लग्नाच्या दिवशी ते व्यसनमुक्तीचे मुख्याध्यापक माझा हात धरून बाजूला घेऊन गेले. ते म्हणाले, "मास्तर, ते हात तुमच्या आईंचे ना? आमच्या पोरानं सांगितलं. माझ्या आईचे हात तसेच होते हो, ती कापूस वेचायची. कुठे आहेत त्या? मला पाया पडायचं आहे त्यांच्या." मला हसावं की रडावं कळेना. याच माणसाच्या भीतीनं मी सगळं केलं होतं.

आईला शोधायला गेलो. ती भटारखान्यात कणकेच्या पराती मोजत होती. म्हटलं, "चल, व्याही बोलावतात. फोटो पण काढायचा आहे सगळ्यांचा."

"तुमी काढून घ्या," ती म्हणाली. "मी कायले? ते लोक काय म्हणतीन."

यात टोमणा नव्हता. असता तर तो मला सोसला असता. तिनं तो नियम समजून घेतला होता आणि ती तो पाळत होती, माझ्यासाठी. व्याही स्वतः भटारखान्यात येऊन तिच्या पाया पडले. फोटोवाला तेव्हा बाहेर होता. अल्बममध्ये या वेळी ती एकदाही नाही, पाठमोरीसुद्धा नाही.

या वर्षी दसऱ्यानंतर गळ भरपूर पडली. आईनं नख वाढवलं नाही. मी दोन-तीनदा म्हटलं, "आई, बरणी?" ती म्हणाली, "आता दिसत नाई रे बिया." चष्म्याचा नंबर बदलून आणला. म्हणाली, "आता बसवत नाई." वाटीवाल्या बायका विचारून गेल्या, तिनं त्यांना हसून चहा पाजला.

मग मीच एका रविवारी परात घेऊन बसलो. बायको मदतीला. माझी बोटं जाड आणि मला धीर नाही. किती बिया चिरडल्या देव जाणे. गहू टाकले, साखर टाकली, फडकं बांधलं. आई खाटेवर बसून पाहत होती. चौथ्या दिवशी मी बरणीला कान लावला. मला काही ऐकू येईना. नुसता माझ्याच कानातला आवाज. मी हाक मारली, "आई, जरा पाहून दे. बोलून राहिली का?"

खरं सांगायचं तर मला दुसरंच हवं होतं. मोबाइल मी आधीच खिशातून काढून ठेवला होता. तिचा कान बरणीला लागलेला, डोळे मिटलेले, पदर मागे घेतलेला. एवढं एक मला घ्यायचं होतं. पुण्याला पाठवायचं होतं, मुलीला, व्याह्यांना, सगळ्यांना पाठवायचं होतं.

ती आली. बरणीपाशी बसली. गुडघ्यावर हात टेकवत, सावकाश. मी मोबाइल वर धरला. म्हटलं, "आई, कान लाव अन् इकडं पाह्य."

तिनं मोबाइलकडे पाहिलं. मग हात पदराला पुसले, दोन्ही हात बरणीच्या झाकणावर नीट ठेवले आणि तोंड भिंतीकडे केलं.

"घे," म्हणाली. मी तसाच उभा राहिलो. थोड्या वेळानं तिनं भिंतीकडे पाहतच विचारलं, "झालं का?"